हिरवा ठिपका आणि नाताळचा तारा

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, शाळा चौथीपर्यंत. पण घरातला कॉम्प्युटर मीच लावतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तो भाच्याचा जुना. सगळे वापरतात तो मेसेजचा प्रोग्राम त्याच्यावर अडकून बसायचा. भाईंदरचा दुकानवाला म्हणाला, "अंकल, ये दूसरा डालता हूँ, एकदम हलका है." त्या हलक्यात एकच नाव होतं, माझ्या मुलाचं. तो मालवाहू जहाजावर, इंजिनात कामाला. रोज संध्याकाळी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा, म्हणजे तो नेटवर आला. आमचं बोलणं बंद होतं. होडी विकून टाका म्हणाला, तेव्हापासून मी ठरवलं, त्याने आधी लिहायचं, मी नाही. ठिपका बघायचो आणि जेवायला उठायचो.

नाताळच्या आधी मी दारात दिव्याचा तारा लावला. त्याच संध्याकाळी ठिपका राखाडी. दुसऱ्या दिवशीही राखाडी. तिसऱ्या दिवशी घास उतरेना. चाळीस वर्षं मी दर्यात गेलोय, पाणी काय करतं ते मला कुणी सांगायला नको. डोळे मिटले की इंजिनाची खोली दिसायची, आणि गुडघाभर पाणी.

बायको म्हणाली, "लेकीला फोन लावा."

"तिला काय कळतं त्यातलं?"

"मग तुम्हाला काय कळलं, तेवढं तरी सांगा."

मी फोनला हात लावला नाही. कॉम्प्युटर तुझ्याशिवाय चालवीन, असं मीच लेकीला सुनावलं होतं.

चौथा दिवस रविवार. लेक मीरा रोडहून नेहमीसारखी संध्याकाळी आली. बायकोने दारातच सगळं सांगितलं. लेक सरळ टेबलाखाली वाकली.

"पप्पा, नेटचा डबा बंद का?"

"तो तर टीव्हीच्या केबलवाल्याचा जुना डबा ना? ताऱ्याला बोर्डात जागा नव्हती, काढली त्याची पिन."

"मग ठिपका कुठून लागणार? तारा मात्र छान आहे."

तिने ताऱ्याची पिन काढून डब्याची लावली. थोड्या वेळाने ठिपका हिरवा झाला आणि मुलाचे मेसेज एकदम आले. शेवटचा मी अक्षराला अक्षर लावून वाचला. 'पप्पा, चार दिवस तुमचा ठिपका लागला नाही. होडी राहू दे. बरे आहात ना?'

'बरा आहे' एवढं लिहायला चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्याचा दोरा घेऊन डब्याची पिन बोर्डाला तीन गाठींनी बांधली. मग शेजाऱ्याकडे जाऊन ताऱ्यासाठी त्याच्या घरातून वायर मागितली.