पाल आत तं गेली नाही ना?

त्या उन्हाळ्यात मी माझ्या कॉम्प्युटरला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या आयुष्यात कुणा माणसाला घातल्या नाहीत. आणि माझं तोंड काही कमी नाही. लग्न होऊन केनवडला आले त्याच्या आठव्या दिवशी मी नेटवाल्याला दारातच असं झापलं होतं की शेजारणीनं हातातलं सूप खाली ठेवून ऐकलं. तेव्हापासून गल्लीत माझं नाव झालं ते झालंच.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. पुण्यात नोकरी करताना, एकेक पार्ट घेत. डाळीच्या मोठ्या डब्याएवढा, बस. एवढासा काहून घेतला, असं जो तो विचारायचा. कारण साधं होतं. लग्न केनवडच्या शेतकरी घरात ठरलं होतं आणि मला तो मांडीवर घेऊन बसनं आणायचा होता. तसाच आणला. मंगरूळपीरला माहेरी आई रुखवताची भांडी मोजत होती, तिला मी सांगितलं होतं, यातलं काय ठेवायचं ते ठेव, माझा डबा मात्र येणार.

घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याची फिल्म मी बनवते. फाटकातून आत शिरलं, जिना चढलं, गच्चीवर आलं, असं सगळं कॉम्प्युटरवर. पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसचं काम. लग्नाच्या बोलणीत माझी अट एकच होती, काम सोडणार नाही. सासऱ्यांनी तेव्हा नुसती मान हलवली होती. पुण्याच्या सरांनीही एक अट घातली. गावातून काम कर, माझी हरकत नाही, पण लग्नानंतर तीन कामं उशिरा आली तर ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर सोडायचं. मी तोऱ्यात हो म्हणाले. मार्चपर्यंत एकही काम उशिरा गेलं नाही.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस माहेरी जाऊन आले आणि माझे दिवस फिरले.

आल्यावर पहिलंच काम लावलं तर पंखा असा बोंबलायला लागला की बाहेर ओसरीवर ऐकू जावा. पाहते तर प्रोसेसर शहाण्णव डिग्रीवर. एवढा तापला की तो स्वतःच हळू चालायला लागतो, मग चार तासांचं काम नऊ तासांवर जातं. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, वर पत्र्याची खोली. मी म्हटलं, उन्हाळाच आहे, दुसरं काय. ते काम एक दिवस उशिरा गेलं. एक झालं.

तापमान उतरवायचा एक सभ्य मार्ग असतो. प्रोसेसरला कंपनी लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते. ते सेटिंगमध्ये जाऊन थोडं थोडं कमी करायचं. व्होल्टेज कमी म्हणजे ताप कमी. पण जास्तच कमी केलं की तो मधेच कोलमडतो, स्क्रीन काळी. मधली बरोबर जागा शोधायची. पुण्यात मी हेच दोन संध्याकाळींत जमवलं होतं, म्हणून मला वाटलं, आताही जमेल.

कसलं जमतंय. व्होल्टेज वजा दहा केलं, पंच्याण्णव डिग्री. वजा वीस, चौऱ्याण्णव. वजा तीस केलं तर अर्ध्या तासात स्क्रीन काळी. वजा पंचवीसवर एक दिवस नीट चालला, मी खूश होऊन सकाळी चहात साखर जास्त टाकली, आणि दुपारी तो बंद. एक वही केली होती, तिच्यात रोज आकडे. वहीचं पहिलं पान सुवाच्य अक्षरात आहे. पुढची पानं पाहिली तर कुणाला वाटेल, लिहिणाऱ्या बाईला वेड लागलंय.

नवरा जेवताना म्हणायचा, त्याले ताप आला, गोळी दे. मी त्याच्या ताटात पोळी जरा जोरातच टाकायची.

सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, मात्र वेगळंच. मामाजी उभा जन्म मोटरपंप सांभाळत आलेले. विहिरीवरच्या मोटरचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलं की काय ते सांगतात. मी व्होल्टेज कमी करतेय हे त्यांनी ऐकलं तेव्हा ते खरोखरच घाबरले. होल्टेज कमी झालं की मोटर जळते, हे त्यांना लहानपणापासून माहीत, आणि सून ते स्वतःच्या हातानं कमी करून राह्यली. मी समजावलं की मोटरचं वेगळं, याचं वेगळं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. उठताना नेहमीसारखं विचारलंच, "पाल आत तं गेली नाही ना?"

हा प्रश्न मी त्या महिन्यात किमान तीस वेळा ऐकला असेल. त्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीत पाल शिरली, आतल्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून मेली आणि मोटर जळाली. ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी. तेव्हापासून मामाजींनी घरात आणि शेतात एक भोक उघडं ठेवलं नाही. स्टार्टरची पेटी, स्विचबोर्डावरची रिकामी जागा, मीटरच्या खालची फट, सगळीकडे वायरची काळी टेप. आमच्या इकडे पुष्कळ शेतकरी असंच करतात, त्यात नवल नाही. पण मी इथे अंशाअंशानं झुंजतेय आणि हे पालीचं घेऊन बसलेत, याचा मला संताप यायचा. मी दात ओठ खात म्हणायची, नाही गेली मामाजी.

कूलर आणून त्याच्या तोंडाशी ठेवला. चार डिग्री उतरले आणि टेबल दमट झालं. प्रोसेसरवरची ताप बाहेर काढणारी पेस्ट पुसून नवी लावली, रिसोडच्या दुकानातून मिळाली ती. काही फरक नाही. एक दिवस चिडून कॉम्प्युटरच्या पेटीचं बाजूचं झाकण काढून टाकलं, तर काय, बारा डिग्री खाली. मी टाळ्या वाजवल्या. पण अंगणात वाळलेल्या हळदीचं पॉलिश चालू होतं, धूळ उडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरच्या आत सगळं पिवळं, पंख्याची पाती पिवळी, जणू त्याचं लग्न लागणार होतं. ब्रशनं झाडता झाडता माझी दुपार गेली. झाकण परत लावलं, आणि मनाशी ठरवून टाकलं की पेटीच लहान, दोष माझ्या हौसेचा. बारा डिग्री काहून उतरले याचा शांत डोक्यानं विचार केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण शांत डोकं कुठून आणू?

दुसरं काम दोन दिवस उशिरा गेलं. सर फोनवर रागावले नाहीत, हेच वाईट. एवढंच म्हणाले की आता एकच राहिलं.

तिसरं काम एका बंगल्याची फिल्म, शुक्रवारी संध्याकाळी आठपर्यंत पोचवायची. गुरुवारी दुपारी लावली, पाच वाजता स्क्रीन काळी. परत लावली, सात वाजता काळी. मी खुर्चीत बसून राहिले. मला रडू येत होतं, पण रागानं. हे घर मला आवडलं होतं. नवरा आवडला होता, भांडायला का होईना. काम सोडलं तर मी या घरात रोज कुणावर तरी डाफरत म्हातारी होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि पुण्याला गेले तर मग लग्न कशाला केलं? दोन्ही हवं होतं मला, आणि मधे हा डाळीचा डबा.

शुक्रवारी सकाळी मी जाहीर केलं की अकराच्या गाडीनं पुण्याला जाते. सरांना वाटेतून फोन करीन. नवरा चप्पल घालून शेतात गेला. मामाजी कॉम्प्युटरचं खोकं बांधायला सुताची दोरी घेऊन आले आणि दाराशी उभे राहिले.

मी वायरी काढल्या, कॉम्प्युटर उचलला आणि थर्माकोलमध्ये बसवायला उलटा केला. जोडल्यापासून मी तो उलटा केलाच नव्हता. सगळी खुडबूड बाजूनं. त्याच्या तळाला बारीक भोकांची जाळी आहे, पंखा गार हवा ओढतो ती तिथूनच. त्या जाळीवर काळी टेप होती. इकडून तिकडे, पट्टीला पट्टी लागून, कडा नखानं दाबलेल्या. एक भोक उघडं नव्हतं. इतकं नेटकं काम स्टार्टरच्या पेटीवरही नाही.

मला आधी समजलंच नाही मी काय पाहतेय. मग समजलं.

"मामाजी, हे तुमी लावलं?"

"हो. तू आखाजीले गेली होती तवा." त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता. "पाल गेली असती आत, तं तुह्या कामाचं काय झालं असतं?"

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, घर डोक्यावर घेतलं. महिनाभर मी त्या व्होल्टेजशी मारामारी करून राह्यली, दोन कामं बुडाली, आज माझी नोकरी जाऊन राह्यली, आणि तुमी त्याचं नाकच बांधून ठेवलं, एका शब्दानं विचारलं नाही मले! सासऱ्याशी कुणी असं बोलत नाही. शेजारीण नक्कीच ऐकत होती. ऐकू दे, म्हटलं.

मामाजींनी दोरी खाली ठेवली, कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि ते टेप काढायला बसले. गोंद भोकांत राहिला होता. बोटाला खोबरेल तेल लावून त्यांनी तो पुसला, आणि मग आगकाडीनं एकेक भोक कोरत गेले. शेकडो भोकं. मी त्यांच्यासमोर येरझारा घालत होते आणि घड्याळ पाहत होते. तेव्हा माझ्यात दया नव्हती.

साडेनऊला परत वायरी लावल्या. व्होल्टेज वजा पंधरावर आणलं, साधंसुधं, पुण्यात होतं तेच. फिल्म लावली. अठ्ठ्याहत्तर डिग्री. दहा मिनिटांनी ऐंशी. अर्ध्या तासानंही ऐंशीच. पंखा असा चालत होता की आहे की नाही कळू नये. महिन्याचा सगळा राग एकदम निघून जावा असं काही झालं नाही. उलट जास्तच आला, की एवढंसंच होतं? वही उचलली आणि फडताळात भिरकावली.

फिल्मला नऊ तास लागणार होते. आठची वेळ, म्हणजे हिशेबात बसत होतं, मधे काही झालं नाही तर. मी स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटत घासली, कणीक मळली. पाऊण तासानं पाहायला आले तर मामाजी त्या खोलीत टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलेले, हातात खराटा. त्यांची नजर भिंतीवर. भिंतीवर ट्यूबलाइटच्या मागे एक पाल होती.

मी विचारलं की हे काय. ते म्हणाले, भोकं आता उघडी हायेत ना.

त्या दिवशी हळदीचा माल बाजारात न्यायचा होता. मामाजींनी नवऱ्याला एकट्यालाच पाठवलं. दुपारी ताट तिथंच नेऊन दिलं तर खराटा डाव्या हातात धरून जेवले. पत्र्याखाली भाजून निघावं अशी खोली, कूलर मी बंद करून ठेवलेला, आणि हा सत्तरीचा माणूस टोपी काढून, घाम पुसत, पालीवर पहारा देत बसलेला. मी तीन वेळा सांगितलं, जा, ओसरीवर पडा. दोनदा त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "तू तुहं काम पाह्य." पाचच्या सुमारास पाल टेबलाच्या दिशेनं दोन हात सरकली, तेव्हा ते उभे राहिले. मीही दारात उभी राहिले. पाल वळून खिडकीबाहेर गेली. आम्ही दोघंही बसलो.

मी कूलर चालू केला. तोंड त्यांच्याकडे फिरवलं, कॉम्प्युटरकडे नाही.

पावणेसातला फिल्म पूर्ण झाली. साडेसातला पाठवून झाली. सरांचं उत्तर आलं, मिळाली, पुढचं काम सोमवारी पाठवतो. मी तीनदा वाचलं. मग म्हटलं, झालं मामाजी, वेळेवर गेलं.

त्यांनी खराटा सोडला नाही. सकाळपासून मी त्यांना एवढं बोलले होते, आणि त्यांनी त्यातलं एकच धरून ठेवलं होतं.

"पुन्याले नाही जात ना मंग?"

मी नाही म्हणाले.

"मंग उद्या रिसोडहून बारीक जाळी आनतो," ते म्हणाले, "हवा जाईन, पाल नाही जाऊ शकत." आणि तेव्हा कुठे त्यांनी खराटा खाली ठेवला.