तीन मजल्यांचं कॉलेज

आमच्या मनोजचं इंजिनिअरिंग कॉलेज तीन मजल्यांचं होतं, आणि ते तिन्ही मजले मी बांधले होते. विटा नाही, रेती नाही, गवंडी नाही. नुसत्या तोंडानं बांधले!

त्याचं असं झालं. मनोज डिप्लोमा करून बालाघाटातच एका राइस मिलमध्ये मशिनीवर लागला. मी स्वतः चौथी शिकलेला (पाचवीत मास्तर आणि मी, दोघांचंही एकमेकांवाचून भागेल असं ठरलं), त्यामुळे मले डिप्लोमा म्हणजेच डोंगर वाटे. पण पोट्ट्याले डिग्री पाहिजे होती. एक दिवस जेवता जेवता म्हणतो कसा, "बाबा, मी इंजिनिअरिंगची डिग्री करून राह्यलो. ऑनलाइन."

"म्हणजे नोकरी सोडून राह्यला?"

"नाही जी. नोकरी करूनच. कॉलेज कॉम्प्युटरवर आहे. धडे त्याच्यावर, टेस्ट त्याच्यावर. फक्त प्रॅक्टिकल अन् मोठ्या पेपराले नागपूरले जा लागते."

"फाटक?"

"फाटक नाही."

"घंटी?"

"नाही."

"मंग चौकीदार तरी?"

"त्याच्या जागी पासवर्ड असते."

"त्याले मिशी असते का?"

मनोजची माय तोंडाले पदर लावून आत गेली. मनोजनं मले समजावलं, की कॉलेज मान्यताप्राप्त आहे, मान्यता सरकारी आहे, डिग्री आली का मिलमधले साहेब त्याले इंजिनिअर करणार आहेत. मी ऐकून घेतलं. पटलं नाही. ज्या कॉलेजवर दगड मारता येत नाही, ते कॉलेज कसलं?

आता माझा एक नियम सांगतो, कारण पुढं त्यानंच माझा घात केला. कोणाची चौकशी करायची तर त्याच्या घरी जायचं नाही. घरी सगळेच गुणी असतात. तो जिथं जाते-येते, तिथल्या फाटकाजवळचा पानठेला गाठायचा. मोठ्या पोरीच्या वेळी एक स्थळ मी असंच पानठेल्यावर नापास केलं. घरचे म्हणत, आमचा पोरगा सुपारीचं खांड तोंडात घालत नाही. पानठेलेवाला म्हणे, "कौन, वो? उनका तंबाकू-सुपारी का खर्रा तो हम आँख मूँदकर घोट देते हैं!"

हा नियम मी पंचक्रोशीत सांगत फिरायचो. न विचारता सांगायचो.

आणि इकडं माझ्याच पोराच्या कॉलेजले फाटकच नव्हतं!

खैरलांजीले एका लग्नात साडभाऊंनी चारचौघात विचारलं, "मनोजचं कॉलेज कुठं आहे जी?" कॉम्प्युटरात आहे म्हटलं असतं तर वऱ्हाड हसलं असतं. मी म्हटलं, "नागपूरले." (हे अगदीच खोटं नव्हतं. पेपर तिथंच होते.)

"मोठं आहे?"

"दोन मजली."

पुढच्या बारशात तिसरा मजला चढला. एका तेरवीत फाटक बसलं, फाटकाजवळ कडुलिंब लागला, आणि जेवणं आटोपेपर्यंत एक मिशीवाला चौकीदारही उभा राहिला. "असा कडक माणूस आहे," मी सांगितलं, "पेपर सुरू असला का कोणालेच आत सोडत नाही. पोराच्या बापालेही नाही!" लोक माना डोलवत. खरं सांगतो, हळूहळू मलेही तो चौकीदार दिसायला लागला होता.

मग रामपायलीचं स्थळ आलं. पोरीचे वडील रिटायर गुरुजी, पोरगी वैशाली, पीजीडीसीए म्हणजे कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली. पाहण्याच्या दिवशी मनोज आणि ती ओसरीत दहा मिनिटं बोलले, आणि त्या दिवसापासून आमचा मनोज मिलमधल्या भुशात जातानाही भांग पाडून जायला लागला. मायले म्हणे, "माय, इथं नाही झालं तर मले दुसरी पोरगी दाखवू नका." एवढं वाक्य तो जन्मात एका दमात बोलला नव्हता.

मी गुरुजींवर छाप पाडायची म्हणून त्यांना कॉलेजचे तिन्ही मजले दाखवले. वर माझा पानठेल्याचा नियमही सांगितला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "नियम चांगला आहे जी तुमचा. आम्हीही तसंच करतो. येत्या रविवारी कॉलेज पाहून घेऊ."

मी कढत चहा एका घोटात पिऊन टाकला.

रविवारी सकाळच्या बसनं गुरुजी आले. सोबत पोरीचा मामा, लामत्याचा. हा मामा म्हणजे नाक! लांबून कढी झाली का बिघडली हे सांगणारा. मनोज घरी नव्हता, त्याची टेस्ट होती. मी आत गेलो तर मनोजची माय पोह्यावर कोथिंबीर टाकून राह्यली होती.

"आता काय करू?"

"पाडा तिन्ही मजले," ती म्हणे. "बांधताना मले विचारलं होतं का?"

बाहेर येऊन मी म्हटलं, "गुरुजी, आज रविवार. कॉलेज बंद असन."

"फाटक तर दिसन!" मामा म्हणाला. "कडुलिंब कुठं सुट्टीवर जाते?"

"नागपूर लय दूर पडते..."

"जीपच करून टाकू!"

आता जीप निघाली का नागपूरभर मले तीन मजली इमारत शोधत फिरावं लागणार होतं. मी घाम पुसला आणि म्हटलं, "तसं... कॉलेज इथंच आहे. बालाघाटात. बस स्टँडच्या मागं."

"इथं?" मामाचं नाक वर झालं.

"शाखा," मी म्हटलं.

मनोज जिथं बसून शिकायचा, ते साहूजीचं सायबर कॅफे म्हणजे एक टिनाचा गाळा. आधी तिथं एसटीडी होतं, मग झेरॉक्स आली, मग कॉम्प्युटर. मामानं खालून वर पाहिलं, आणि वर पाहायले काही नव्हतं.

"मजले?"

"वरचे अजून व्हायचे आहेत."

"चौकीदार?"

दारात एक कुत्रं झोपलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. दोघांनीही विषय सोडून दिला.

पण देव आहे! कॅफेले लागून एक पानठेला होता. मी म्हटलं, चला, निदान नियमात तरी बसलो. मामानं पान सांगितलं आणि हळूच विचारलं, "भैया, वो मनोज इधर आता है क्या? राइस मिलवाला?"

"मनोज भैया? रोज शाम को!" पानठेलेवाला खूश झाला. माझी छाती फुगली. "बहुत शरीफ लड़का है साहब. न पान, न गुटखा. सीधा आता है, कोने वाली केबिन में घुसता है और परदा खींच लेता है."

मामाचं चावणं थांबलं. "परदा?"

"हाँ! दो-दो घंटा बाहर नहीं निकलता. कान में वो लगाकर बैठता है. कभी-कभी तो अकेले में हँसता भी है."

तो बिचारा कौतुक करत होता! त्या काळी कॅफेच्या परद्याआड पोट्टे काय पाहतात, यावर अख्ख्या बालाघाटाची एकच समजूत होती, आणि ती लामत्यालेही पोचलेली होती.

"जिजाजी," मामा गुरुजींना म्हणाला, "दुपारची बस भेटते आपल्याले."

"थांबा!" मी ओरडलो. "आत चला. डोळ्यानं पाहा!" आणि साहूजी "अरे चाचाजी, चाचाजी" करेपर्यंत मी कोपऱ्यातल्या केबिनचा परदा सर्रकन ओढला.

आत मनोज बसला होता. कानाले यंत्र, समोर पडद्यावर इंग्रजी, कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळून राह्यलेलं. त्यानं आमच्याकडं पाहिलं, चेहरा पांढराफटक पडला, आणि पुन्हा तोंड फिरवून तो टकटक करायला लागला. उठला नाही! होणारा सासरा दारात उभा, आणि हा बसलेला!

"वा!" मामा म्हणाला. "सासरा उभा अन् जावई बसून! हेच शिकवतात का तीन मजल्यांवर?"

"मनोज, पाया पड!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"बाबा, टेस्ट सुरू आहे."

"टेस्ट मंग होत राहीन. आधी पाया पड!"

"बाबा, उठलो का वेळ जाते..."

माझ्या मस्तकात गेलं. आमच्या घराण्यात कोणी शिकलं नसेल, पण वाकायले कोणी चुकलं नाही. मी त्याचा दंड धरला आणि ओढला. तो खुर्ची धरून बसला. मी आणखी जोर लावायले एक पाय टेबलाखाली रोवला, तिथं वायरींचं एक भेंडोळं होतं, माझी चप्पल त्यात शिरली, चपलेमागं पाय, पायामागं मी, आणि फट्! ठिणगी उडाली. मनोजचा पडदा काळा. शेजारचे दोन पडदे काळे. झेरॉक्स मशीन अर्ध्या कागदावर गप्प. वरचा पंखासुद्धा दमून थांबला.

"चाचाजी," साहूजी कपाळाले हात लावून म्हणाले, "पूरी लाइन उड़ा दी आपने!"

बालाघाटात कॉलेजं संपानं बंद पडलेली मी पाहिली होती. धोतर नेसलेल्या एका माणसानं लाथ मारून बंद पाडलेलं हे पहिलंच!

मनोज नुसता काळ्या पडद्याकडं पाहत राहिला. लहानपणी त्याची पतंग कटली का तो असाच पाहत राहायचा. तेव्हा पहिल्यांदा मले वाटलं, की या पेटीत खरंच एक कॉलेज होतं, आणि ते मी पाडलं.

आणि गुरुजी कडाडले. मनोजवर नाही, माझ्यावर!

"अहो, चालू पेपरातून पोराले उठवता? लाज नाही वाटत?"

"गुरुजी, तुमचाच मान राखायले..."

"मान गेला खड्ड्यात! जन्मभर पेपर घेतले मी. नक्कल करणारं पोट्टं सगळ्यात आधी उठून नमस्कार घालते. ज्याले काही येते, ते मान वर करत नाही." मग मनोजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बस बेटा. आपण कॉलेजले अर्ज लिहू."

साहूजींनी फ्यूज बांधला. गुरुजींनी सांगितलं, मनोजनं टाइप केलं. इंग्रजीत होतं. मी अर्थ विचारला. गुरुजींनी चष्म्यावरून पाहत मराठीत सांगितला: परीक्षा सुरू असताना परीक्षार्थीचे वडील प्रेमापोटी आत शिरले व वायरीत अडकले, त्यामुळे वीजपुरवठा खंडित झाला, तरी परीक्षार्थीस पुन्हा संधी मिळावी. (म्हणजे आमच्या खानदानातून इंजिनिअरिंग कॉलेजच्या दप्तरात पहिलं नाव गेलं ते माझं!)

बाहेर आल्यावर मी हात जोडले. "गुरुजी, एक सांगतो. ते तीन मजले..."

"नाहीत," गुरुजी म्हणाले. "माहीत आहे आम्हाले."

"हॅ?"

"मनोजनं वैशालीले पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. तिनं दुसऱ्याच दिवशी कॉलेजची मान्यता कॉम्प्युटरवर तपासलीसुद्धा. अगदी पक्की आहे."

"मंग आज आले कशाले?"

"पोरगी म्हणे, पोरगा खरं बोलते, मंग त्याचे बाबा काहून इमारती बांधून राह्यले? जरा पाहून या." गुरुजींच्या मिशीत हसू होतं. "म्हणून तुमचे मजले पाहाले आलो जी. किती वेळ उभे राहतात ते."

मामालेही हे आत्ताच कळत होतं. त्याचं नाक पहिल्यांदा खाली आलं.

साहूजीच्या फोनवरूनच गुरुजींनी घरी फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. वैशालीनं परद्याचं विचारलं नाही, वायरीचं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मग टेस्टचं काय झालं?" गुरुजींनी फोन सरळ मनोजच्या हातात दिला. मनोज तिकडं तोंड करून काय बोलला ते मले ऐकू आलं नाही, पण त्याचा एक हात डोक्यावर भांग नीट करत होता. फोनवर!

कॉलेजचं उत्तर आलं. टेस्ट पुन्हा घेतो म्हणे, मात्र वडिलांना लांब ठेवावे. मनोज पास झाला. लग्न झालं. पंगतीत माझे साडभाऊ गुरुजींना विचारून राह्यले होते, "कॉलेज पाहिलं का जी तुमी?" गुरुजी म्हणाले, "पाहिलं ना! आमच्या देखत पडलं."

पुढं डिग्री आली. मोठी, शिक्का मारलेली. मी ती काचेत बसवून बैठकीत लावली आणि आल्यागेल्याले दाखवतो. शिक्क्यावर बोट ठेवून "मान्यताप्राप्त!" म्हणतो. बाकीचं इंग्रजी वाचता येत नाही, पण तेवढं पुरते.

आता घरातच कॉम्प्युटर आहे, आणि सूनबाई त्याच कॉलेजात शिकून राह्यल्या. त्यांची टेस्ट असली का मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. सक्त हुकूम आहे: "बाबा, कोणालेच आत सोडायचं नाही. तुम्ही स्वतःसुद्धा नाही." मी मिशीले पीळ देऊन, काठी घेऊन बसतो. दूधवाल्याले परत पाठवतो, मनोजले परत पाठवतो, मांजरीले परत पाठवतो. परवा खुद्द गुरुजी रामपायलीहून आले, तर त्यांनाही फाटकातच थांबवलं.

तेव्हा लोकांनी काहीही म्हणावं. मजले खोटे निघाले, कडुलिंब खोटा निघाला, पण मिशीवाला चौकीदार मी अगदी खरा सांगितला होता!