द्वारकावहिनीने दूध तोडलं नाही

“घोडी झाली पोरगी, घोडी. आणि तुम्ही अजून तिला अंगावर पाजता? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

डॉक्टर ओरडत होता आणि दवाखान्यातल्या बाकावरचे सगळे आपापली दुखणी विसरून ऐकत होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डॉक्टर पुण्याकडून तालुक्याला नवाच आलेला, शर्टाची इस्त्री इतकी कडक की वाकला असता तर मधोमध मोडला असता. समोर स्टुलावर माझी द्वारकावहिनी, तिच्या मांडीवर दीड वर्षाची मंदा, आणि मागे मी, तिचा धाकटा दीर, सोबत म्हणून धाडलेला. मंदा वाळकी होती हे खरंच. वाऱ्याच्या दिवसांत तिला खाटेला बांधून ठेवावं लागे म्हणा ना.

“वर्षानंतर बाईच्या दुधात काही राहत नाही,” डॉक्टर म्हणाला. “नुसतं पाणी. त्यानं हिचं पोट भरतं, मग ही जेवत नाही, म्हणून अशी काडी. आठवड्यात बंद करायचं. वरण-भाकरी कुस्करून द्या आणि डब्याची पावडर चालू करा.”

वहिनीने पदर सारखा केला. “पानी हाये हे तुमाले कसं समजलं, डाक्टरसाहेब? चाखलं का?”

बाकावरचा एक म्हातारा असा हसला की महिनाभर छातीत अडकलेला कफ जागच्या जागी मोकळा झाला आणि तो औषध न घेताच घरी गेला. ही गोष्ट मी आजवर दहा गावांत सांगितली आहे, एकानेही खोटी म्हटलेली नाही.

ती द्वारकावहिनी गेल्या महिन्यात काविळीने गेली. मी नोकरीच्या गावी होतो, निरोप आला तेव्हा जेवत होतो, पहिल्यांदा वाटलं निरोप्या चुकून दुसऱ्याच्या घरी आला... मरायचं म्हटलं असतं तर तिने यमालाही दारात उभं करून उलटतपासणी घेतली असती. दहाव्याला गावी गेलो तर मांडवात पाहुणे एकमेकांना सांगत होते, “मोठी सोशिक बाई होती बाप्पा. कोनाले उलटून बोलली नाही कधी.” एकेकाला उचलून मळ्यातल्या विहिरीत टाकावं असं मला वाटलं. ती सोशिक असेल तर मी कलेक्टर आहे. अमडापूरच्या बाजारात ती वांगी विकायला बसली की तिच्या आवाजाने मेहकरच्या रस्त्यावरचे बैल थबकत. आणि तिला ‘सोशिक’ म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे बसली होती माझी बहीण वत्सला, नांदुऱ्याची. म्हणून हे लिहायला बसलो. मेलेल्या माणसाला साखर लावून ठेवली की मुंग्यांचीच सोय होते.

तर दवाखान्यात हसणं थांबल्यावर वहिनीने दुसरा प्रश्न टाकला. “डब्बा कोन्त्या पान्यात कालवू? उन्हाळ्यात आमच्या इहिरीचं पानी पाह्यलं का तुमी?”

“उकळून घ्या.”

“उकळूनच घेतलं होतं तवा.”

तेव्हा म्हणजे केव्हा, हे डॉक्टरने विचारलं नाही. त्याने पुढच्या रोग्याला हाक मारली. मला तो माणूस आजही आवडत नाही तो एवढ्यासाठी. वरण-भाकरीचं त्याचं बरोबर होतं, वहिनीने ते त्याच संध्याकाळपासून सुरू केलं. पण ‘तेव्हा’ हा शब्द त्याच्या नाकासमोर पडला होता आणि तो त्याला ओलांडून गेला. मंदाच्या आधी वहिनीला एक मुलगा झाला होता. तो आठ-दहा महिन्यांचा असताना वहिनी तापाने पडली, तेव्हाच्या डॉक्टरने दूध तोडायला सांगितलं, पोराला डबा लावला. वैशाख होता. हगवण लागली आणि पोर गेलं. आमच्या घरात त्यानंतर त्याचं नाव निघालं नाही. निघालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

नवरा-बायकोने त्या मरणाचे दोन अर्थ लावले, तिथेच सगळं फिसकटलं. वहिनी म्हणे, डब्याने गेलं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मनात धरून होता की दूध तोडायला उशीर झाला, आजारी आईचं दूध पोटात गेलं म्हणून गेलं. दादा मुळातच डॉक्टरांना भिणारा. आणि आमची माय, तिचं तिसरंच. अंगावर पिणारं पोर असलं की बाईला पुढचे दिवस राहत नाहीत अशी तिची खात्री, आणि तिला नातू हवा होता. दवाखान्यातून आलो तशी ती वसरीतून कडाडली, “डाक्टर सांगून राह्यला न? मंग? त्याच्याहून जास्त शिकली का तू?”

“आत्याबाई, तो शिकला. पाजलं कोनाले नाही त्यानं.”

“तोंड पाह्य रांडचीचं. काऊन वाद घालते वं सगळ्याइशी?”

“तुमाले नातू पाह्यजे म्हून घालतो.”

माय तीन दिवस जेवली नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवली नाही.

आमच्याकडे दूध तोडायच्या दोन रीती. एक तर आईच्या अंगाला कडूनिंबाचा पाला वाटून लावायचा. तो कुणी लावायला आलं असतं तर वहिनीने हात मोडून ठेवला असता. दुसरी रीत, लेकरू आत्याच्या गावी नेऊन ठेवायचं. आई दिसली नाही की चार दिवस रडतं, मग विसरतं. रविवारी वहिनी वांगी घेऊन बाजाराला गेली, मी टोपली उचलायला सोबत. दुपारी परत आलो तर झोळी रिकामी. माय तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “दादा घेऊन गेला नांदुऱ्याले, वत्सलाकडं. आठवड्यानं आनते.”

वहिनी ओरडेल म्हणून मी कान झाकायच्या तयारीत होतो. तिच्या चोळीवर दोन्हीकडे ओल उतरलेली, पोरीला पाजायची वेळ टळून गेली होती. पायातली चप्पल अजून बाजाराची धूळ घेऊन होती. तशीच ती सडकेला निघाली आणि मी मागे. बस सुटली होती, तर वहिनी सडकेच्या मधोमध उभी राहिली आणि कापसाच्या गाठी भरलेला ट्रक तिने नुसत्या डोळ्यांनी थांबवला. ड्रायव्हरने खामगावपर्यंत हॉर्न वाजवायची हिंमत केली नाही. तिथून पुढे बस मिळाली. वाटेत ती एकदाच बोलली. “भाऊजी, उन्हाळाच हाये हो हा बी...”

वत्सलाचं घर नांदुऱ्याला रुळाच्या अलीकडे. गल्लीच्या तोंडापासूनच मंदाचा आवाज येत होता, म्हणजे आवाज उरला नव्हता, घशातून नुसती खरखर. वत्सला वाटीतलं पावडरचं दूध चमच्याने तिच्या तोंडात कोंबत होती आणि ते हनुवटीवरून पोटावर ओघळत होतं. आल्यापासून पोरीच्या पोटात काही टिकलं नव्हतं. दादा खांबाला टेकून बसला होता.

“वयनी, तुम्ही कायले आल्या,” वत्सला म्हणाली. “आता तुटतच होतं.”

वहिनीने पोर हिसकून घेतलं आणि ओट्यावरच बसली, रस्त्याकडे तोंड करून. गल्लीतल्या बाया दारात आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलं. पोरगी घटाघटा प्यायली, मधेच ठसकली, पुन्हा प्यायली. वत्सला तिच्या अंगावर पदर ओढायला आली तशी वहिनी म्हणाली, “हात लावू नको. तोडीन.” काय तोडेल हे वत्सलाने विचारलं नाही. मग वहिनीने मान वळवून दादाकडे पाहिलं. “एक नेलं तवा मी तापात होती. आता नाही.”

तिचं नवऱ्याशी ते शेवटचं बोलणं. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं वाढवतो, हे नाही. त्यानंतर जन्मभर ती दादाशी बोलली ती बैलांमार्फत, भिंतीमार्फत, माझ्यामार्फत. गोठ्यात उभी राहून बैलाला सांगायची, “तुह्या मालकाइले म्हन, भाकर झाली.” बैल बिचारा मान हलवायचा आणि दादा उठून जेवायला यायचा. पुढे तिला दोन मुलगेही झाले. न बोलता कसे झाले हे मला विचारू नका, बैलाला विचारा. मायला नातू मिळाले, तेही मंदा अंगावर पीत असतानाच पहिल्याचे दिवस राहिले, म्हणजे मायचं वैद्यकही तिथेच निकालात निघालं. मंदाला पेरू आवडायला लागले आणि एक दिवस तिने आपणच दूध सोडलं. आज ती मॅट्रिकला आहे. अंगाने अजून काडीच, आवाजाने मात्र आईची लेक. दहाव्याला मांडवात तिने वत्सलाला म्हटलं, “आत्या, सोशिक तुमी असाल.” आणि मला पाहुणे विहिरीत टाकायची गरज उरली नाही.

परवा पुन्हा गावी जाऊन आलो. दादा मळ्यात वांग्याला पाणी देत होता. वाकून खोऱ्याने एका वाफ्याचं तोंड बुजवायचा, दुसऱ्याचं फोडायचा. मी बांधावर बसलो. बराच वेळ आम्ही इकडचं-तिकडचं बोललो, वांग्यावरची कीड, मंदाची परीक्षा. मग मला राहवलं नाही. त्या एका दिवसापायी दोघांचा सगळा संसार मुका गेला होता.

“दादा, तू तिले कधी म्हनलं का रे, का मी चुकलो म्हून?”

पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत तो थांबला. मग खोरं उचललं आणि पुढच्या वाफ्याकडे वळला.

“तिनं इचारलं नाही.”