दंडारीतली आई

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मैत्रिणींना नाही, घरी तर नाहीच. आता सांगतेय, पण मान खाली घालून नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भंडाऱ्याच्या कॉलेजात चित्रपट मंडळानं एका फ्रेंच दिग्दर्शकावरचा माहितीपट दाखवला. तो नट घेत नसे. साधी माणसं घ्यायचा आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणून घ्यायचा — चेहऱ्यावरचा सगळा अभिनय गळून पडेपर्यंत. रडायचं नाही, नुसतं दार उघडायचं. तो माणूस मला आजही पटतो, कोणी काही म्हणो.

मग चर्चा. मी कधी बोलत नसे — त्या दिवशी का उठले? म्हटलं, आमच्याकडे याच्या उलट. दिवाळीनंतर दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत दंडार होते, गावच्याच माणसांचं नाटक; त्यात एक माणूस मिशी काढून, लुगडं नेसून आई होतो आणि मेलेल्या मुलासाठी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा रडतो. मी तसं रडूनही दाखवलं — छाती पिटून. सगळे हसले. सरांनी उदाहरणाचं कौतुक केलं.

"कोण आहे वं तो?" शेजारी बसलेल्या शीतलनं विचारलं.

"मले काय माहीत," मी म्हटलं.

तो माझा बाप. लुगडं माझ्या आईचं.

इथंच थांबले असते तर — पण नाही. शीतल म्हणाली, यंदा मंडईला तुझ्या गावी येते, तो माणूस पाहायचाच आहे. मी दिवाळीला घरी गेले आणि बाबाला सांगितलं, तुझा खोकला वाढलाय, यंदा दंडारीत उभा राहू नको. चेहऱ्यावर काहीही येऊ न देता सांगितलं. शिकले होते ना?

बाबा गावभर सांगत फिरला, "पोरगी म्हणते गळा सांभाळ. मंग कसा उभा राहू?" केवढा खूश! दंडारीत आईचं काम शेजारच्या पोरानं केलं. बाबा पुढं बसून त्याची वाक्यं ओठातल्या ओठात म्हणत राहिला. शीतल आलीच नाही.

पुढच्या वर्षी दंडारीच्या मंडळींनी बाबाला विचारलंही नाही. त्याला अजून वाटतं, पोरीनं गळा वाचवला.

वयानं केलं, लाजेनं केलं, असं मी म्हणणार नाही. त्या फ्रेंच माणसावरही ढकलणार नाही — कोणाच्या बापाला घरी बसव, असं त्यानं कुठं सांगितलं होतं? मी बसवलं. ठरवून.