मालूताईचा किडका फ्लॉवर

जयपूरहून ट्रंक कॉल आला तेव्हा मी अमरावतीत शाळेला निघाले होते. "मालू गेली," एवढंच भाऊजी बोलले, मग नुसती खरखर... माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयाची झडप लहानपणापासूनच अधू होती. तरीही ती इतक्या लवकर जाईल, असं वाटलं नव्हतं. आता महिना उलटून गेला आहे. दुःख थोडं निवळलं, राग मात्र निवळत नाही.

भाऊजी रेल्वेत. बदलीने जयपूरला गेले, बनी पार्कात बिऱ्हाड केलं. मालूताई रसायनशास्त्राची एम.एस्सी. तिला तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. बाजारातल्या भाज्यांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरतो, ते तपासायचं काम. एका हिवाळ्यात फ्लॉवरमध्ये तो मर्यादेच्या फार वर निघाला. तिने पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. साहेबांनी चहा मागवला आणि गोड आवाजात म्हणाले, "मैडम, लोग घबरा जाएँगे. लिख दीजिए, नमूना ख़राब था." तिने लिहिलं नाही. मग तिला भाज्यांवरून काढून विहिरींच्या पाण्याचा खारेपणा मोजायला बसवलं. रिपोर्टचं काय झालं, कुणी सांगेना.

तेव्हापासून ती बाजारातच या औषधाबद्दल बोलू लागली. भाजीवालीने तिला सरळ सुनावलं, "बहनजी, बिना दवा की गोभी में कीड़े निकलते हैं. फिर आप ही लौटा जाती हो." ताईने पिशवी पुढे केली. मग म्हणाली, "कीड़ेवाली मुझे दे दो." शेजारणी हसायच्या. मुलगी वैतागायची, "मतलब, आई, अळ्या खाऊ का मी?"

गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "ताई, सोड ना आता." तर म्हणाली, "त्या भाजीवालीने निदान खरं तरी सांगितलं गं. आमच्याकडे तेवढंही कुणाला जमलं नाही."

तेराव्याला साहेब जयपूरच्या घरी आले, द्राक्षांची करंडी घेऊन. "बड़ी ईमानदार थीं," म्हणाले. मी विचारलं, "उनकी वो रिपोर्ट कहाँ है?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "अब इस वक़्त वो बात..." आणि करंडी माझ्या हातात दिली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "इतना सँभलके खाती थीं, वही पहले गईं." झडपेचं कुणाकुणाला सांगत बसणार? द्राक्षं गायीपुढे ठेवायला निघाले, पण गायीलाही द्यावीशी वाटेनात. मोरीपाशी सडली.

परत निघायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर भाऊजी मिठाच्या पाण्यात वांगी बुडवून उभे होते.

"धुऊन सगळं निघत नाही, हे तीच सांगायची," ते म्हणाले. "आणि तरी रोज धुवायची..."

त्यांनी ते पाणी ओतून दिलं, पातेलं पुन्हा नळाखाली धरलं आणि मिठाचा डबा उघडला.