दर्यापलीकडच्या मंत्र्यासाठी गाऱ्हाणं

वेळणेश्वरच्या रस्त्याला चढण लागते तिथे गुणाजीचा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक बॉयलर आणि काजू फोडणाऱ्या पंधराएक बाया. मी शेजारी राहतो. लिहिणं हे माझं काम नव्हे, पण गुणाजीचं यंदाचं वर्ष कुणीतरी सांगायला हवं. जमेल तसं सांगतो.

आपल्याकडची काजू बी पावसाळ्यात पुरत नाही. शेड चालू ठेवायची तर बाहेरची बी लागते. गुणाजी ती पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशातून मागवतो. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच त्या लोकांना बोल नको. बी बाहेर सोडायची की नाही हे तिथलं मंत्रिमंडळ ठरवतं. यंदा गुणाजीचा माल तिथल्या बंदरावर पोहोचला आणि मंत्रिमंडळच बरखास्त झालं.

"नवीन बसलं की सुटेल," मुंबईचा दलाल फोनवर म्हणाला.

नवीन बसलं. पण बी कुणाच्या खात्यात, यावरून शेतीमंत्री आणि व्यापारमंत्री भांडत राहिले. बैठक पुढे गेली, मग आणखी पुढे. आपला पालकमंत्री कोण म्हणून विचारलं तर डोकं खाजवील असा हा गुणाजी, रोज सकाळी माझ्या ओटीवर येऊन मोबाइल पुढे करायचा.

"अण्णा, बघा हो, आज कोण गेला, कोण आला?"

मी मोबाइलवरचं मोडकंतोडकं भाषांतर वाचून दाखवायचो. बरोबर वाचतोय याची मला स्वतःलाच खात्री नसे.

शेवटी त्याने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे काही अडलं की देवापुढे नारळ ठेवून गुरवाकरवी सांगतात. बाबाजी गुरवाने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणासाठी? नाव सांग."

गुणाजीने शेतीमंत्र्याचं नाव वाचलं. बाबाजी दोनदा अडखळला, मग आवाज चढवून म्हणाला, "दर्यापलीकडचं हे जे लेकरू आहे, त्याला बी सोडायची बुद्धी दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

पुढच्याच सोमवारी त्या मंत्र्याला डच्चू मिळाला.

"शेट, तुमच्या नारळानं बिचाऱ्याची खुर्ची गेली," सगुणा म्हणाली. शेडमधली ती सगळ्यात जुनी. बाया खो खो हसल्या.

"हसा. शेडला कुलूप लागलं की मग हसा," गुणाजी म्हणाला.

त्यावर कुणी हसलं नाही. लावणी आटपली की गावात बायांना दुसरं काम नसतं.

दुसऱ्या खेपेला बाबाजी शहाणा झाला. नाव घेतलंच नाही. "जो कोण खुर्चीवर असेल त्याला बुद्धी दे, आणि काय तो निकाल लवकर लाव रे महाराजा!"

निकाल लवकरच लागला. मंत्रिमंडळाने ठरवलं की बी देशाबाहेर पाठवायचीच नाही. तिथल्याच कारखान्यांत फोडायची, तिथल्या माणसांच्या हाताला काम द्यायचं.

गुणाजी बाबाजीवर उखडला. "निकाल मागितलास, पण कसला ते कुठे सांगितलंस?"

"पहिल्यांदा नीट सांगितलं होतं. तू पडणारा मंत्री घेऊन आलास!"

दोघं देवळाच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने गुणाजी मला म्हणाला, "अण्णा, तिथला मंत्री मी असतो तर मीपण हेच केलं असतं. मग शिव्या घालू कुणाला?"

 

शनिवारी त्याने शेड बंद करतोय म्हणून बायांना सांगून टाकलं. टरफलाच्या चिकाने कातडी जळते, म्हणून काम करताना त्या हाताला खोबरेल लावतात. सगुणा आपली काळी पडलेली बोटं पुसत होती.

"शेट, तिकडच्या बायांना हाताला तेल देतात का हो?"

"मला काय विचारतेस? मंत्र्याला विचार!"

"कुठच्या?"

गुणाजीने तावातावाने मोबाइल काढला, जरा वेळ बघितला आणि परत खिशात टाकला. मग कोपऱ्यातला खोबरेलाचा डबा उचलून त्याने सगुणापुढे आदळला.

"घेऊन जा घरी. इथे आता कुणाला लागणार."