आईचा एकच शब्द

आमच्या कळव्याच्या घरात दिवेलागणीला जपमाळ झाल्याशिवाय कोणाच्या पानात भात पडत नसे. ही शिस्त आईची. बा मिठागरात दिवसभर राबून आलेला असो की मला ताप असो, अल्तारासमोर, घरातल्या क्रुसापुढं, गुडघे टेकायचेच. आई 'नमो मारिया' सुरू करी, उरलेली अर्धी प्रार्थना बा आणि मी म्हणायचो. मी घाई केली की ती माळ थांबवी. "देव कुठं पळून जात नाही. नीट बोल."

ईस्टरआधीच्या उपासांत एका सकाळी ती भात कांडता कांडता उखळाशेजारी कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. खाडीपलीकडून, ठाण्याहून वैद्य आले आणि चोळायला तेल देऊन गेले. काही दिवसांनी तिला वाचा फुटली, पण एकाच शब्दापुरती.

"दार."

बानं धावत जाऊन दार उघडलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. लावून घेतलं, तरी नाहीच.

"अगं, कोणाला बोलवू? बाहेर बसायचंय का?"

"दार, दार," म्हणत ती रडू लागली. आम्ही तिला उचलून अंगणात नेलं, मागच्या दारी नेलं. पाणी पाजलं. पेटी उघडून एकेक लुगडं दाखवलं. तिला काय हवं होतं, ते काही सापडलं नाही.

संध्याकाळी मी माळ तिच्या डाव्या हातात दिली. तिनं मणी धरला आणि 'नमो मारिया'च्याच चालीत "दार, दार, दार" म्हणून थांबली. बानं उरलेली प्रार्थना म्हणून पुरी केली. मग रोज तसंच चाललं.

पाद्रीबाबा आजाऱ्याचं पवित्र तेल तिच्या कपाळाला लावायला आले तेव्हा मी विचारलं, "बाबा, ही प्रार्थना करते का काही मागते?"

"मला नाही कळत, पोरी. देवाला कळत असेल."

"पण तिला हवं ते करायचं तर आम्हाला आहे ना?"

त्यांनी तेलाच्या कुपीला बूच लावलं.

एका संध्याकाळी आईनं माळ भिरकावून दिली. बानं उचलून परत हातात दिली, तिनं पुन्हा फेकली. तिचे डोळे रागानं लाल झाले होते. त्या दिवशी आमच्या घरात प्रार्थना झाली नाही. बा नुसता तिचे पाय धरून बसला.

ईस्टरच्या आधीच ती गेली, भरदुपारी, आम्ही दोघंही जवळ असताना.

त्या दुःखानं माझी श्रद्धा पक्की झाली, असं लोक म्हणतात. मला तसं सांगता येत नाही. मी रोज गुडघे टेकते, एवढंच. काय मागायचं ते अजून ठरत नाही.

तिला पुरून आलो त्या संध्याकाळी आम्ही अल्तारासमोर बसलो, आणि सुरुवात कोणी करायची तेच कळेना. शेवटी बानं केली. आईच्या वाटणीच्या प्रार्थनेतला एक शब्द तो मध्येच विसरला आणि माझ्याकडे बघू लागला. मलाही आठवत नव्हता.